कुंभार्ली घाटातून पावसाळी प्रवास: एका घसरणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कराडहून चिपळूणमार्गे गुहागर तालुक्यातील एका गावाकडे निघालेल्या दोघांचे आहे. चालक कराडजवळच्या एका कारखान्यात नोकरी करणारा, तिशीतला, रोज दुचाकीवर ये-जा करणारा माणूस आहे. मागे बसलेले त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे कोकणातले असून गावी भातशेती करतात. बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि दाजी बाळाला पाहून दोन दिवसांनी परत निघाले होते. नावे आणि नेमकी ठिकाणे येथे मुद्दाम गाळली आहेत. दोघांशी मी स्वतंत्रपणे बोललो, गाडी दुरुस्तीला जाण्यापूर्वी पाहिली आणि घसरण झाली ती जागाही पाऊस उघडल्यावर पाहून आलो. दोघांच्या सांगण्यात फार थोडा फरक आढळला. जेथे आढळला तेथे तसे नोंदवले आहे.

गाडी 150 सीसीची होती. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक आवळून जागीच थांबू न देणारी यंत्रणा; मागच्या चाकाला साधा ड्रम ब्रेक. आपल्याकडे 125 सीसीवरील नव्या दुचाकींना 2019 च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचे झाले, परंतु अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकापुरते असते आणि ही गोष्ट कित्येक मालकांच्या लक्षातच नसते. या चालकाच्याही नव्हती. "गाडीला एबीएस आहे" एवढेच त्याला ठाऊक होते. पुढचा टायर चांगला होता. मागच्याची नक्षी मधल्या पट्ट्यात झिजून खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या खुणेला जवळजवळ टेकली होती आणि तो दिवाळीच्या सुमारास बदलायचा बेत होता. मागच्या चाकातील हवा एकट्याने चालवण्याच्या मापाची होती.

सामान म्हणून दाजींची एक पिशवी आणि गुळाच्या दहा-दहा किलोच्या दोन ढेपा होत्या. त्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून मागच्या कॅरिअरवर रबरी पट्ट्याने बांधल्या होत्या.

प्रश्न काय होता

जुलैचा मध्य होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी लावणी सुरू करायची म्हणून चिखलणीसाठी पॉवर टिलर सांगून ठेवला होता, गडी ठरले होते, आणि त्यामुळे काहीही करून रात्रीपर्यंत पोहोचायचेच असे दाजींनी मनाशी पक्के केले होते. हवामान खात्याने सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी आणि रत्नागिरी जिल्ह्यासाठी त्या दिवशी नारंगी इशारा दिला होता. या इशाऱ्याचा अर्थ बऱ्याच लोकांना "भरपूर पाऊस" इतकाच माहीत असतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार आणि 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार, आणि नारंगी इशारा या टप्प्यांसाठी असतो. कराडकर माणसाला हा आकडा अंगावर घेऊन पाहण्याची सवय नसते. कराडात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा कोयनानगर-नवजा भागात जुलैतल्या एखाद्या जोराच्या आठवड्यात पडून जाऊ शकतो, आणि ही दोन ठिकाणे मोटारसायकलवर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. घरातून निघताना दिसणारे आभाळ पुढच्या रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही, ही या मार्गाची खरी अडचण आहे.

निघण्यापूर्वी विचारात घेतलेले पर्याय

दुपारची एसटी गाठायची असे आधी ठरले होते, पण ती गाडी त्या दिवशी सुटणार नसल्याचे स्थानकावर कळले. तेथून तीन पर्याय निघाले. पहिला, संध्याकाळच्या गाडीने चिपळूणपर्यंत जायचे आणि तेथे नात्यातल्या कुणाकडे मुक्काम करून पहाटे पुढची गाडी धरायची. दुसरा, दुसऱ्या दिवशी पहाटे कराडहूनच एसटीने निघायचे. त्यात लावणीला निम्मा दिवस उशीर होणार होता. तिसरा, मेहुण्याने मोटारसायकलवर सोडायचे. मेहुण्याला दोन दिवस सुट्टी होती आणि तो स्वतःहून म्हणाला, "दाजी, मी सोडतो की. अंधाराच्या आत पोचू."

चौथा पर्याय कुणाच्या बोलण्यात आलाच नाही, तो म्हणजे गावी फोन करून चिखलणी एक-दोन दिवस पुढे ढकलता येते का आणि गावात शिरणारा रस्ता चालू आहे का, हे विचारणे. दाजींना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले की टिलरवाल्याला एकदा सांगितल्यावर पुन्हा फिरवणे बरे दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे खोटे नाही. लावणीच्या दिवसांत टिलर मिळणे मुश्कील असते आणि हातचा दिवस गेला तर तरवा, म्हणजे लावणीची रोपे, वाढत जातो. तरीही फोन करून विचारण्यात काही गमावायचे नव्हते, आणि त्या एका फोनने पुढचे सगळे बदलले असते, हे नंतर कळले.

बहिणीने निघू नका असे एकदा सांगितले होते. तिला "आता निघालोच आहोत" असे उत्तर मिळाले. निघायला अडीच वाजले.

कराड ते हेळवाक

कराडपासून मल्हारपेठ आणि पुढे पाटणपर्यंतचा रस्ता बराचसा काँक्रीटचा आहे. पाऊस भुरभुर होता आणि चालकाने ताशी 60 च्या आसपास वेग ठेवला. ओल्या काँक्रीटवर टायर चांगला धरतो, रस्ता सरळ असतो, समोरचे दिसते, त्यामुळे या टप्प्यात काही अडले नाही. उसाच्या आणि भाताच्या शिवारांतून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतात तेथे चाकांनी आणलेल्या काळ्या चिखलाचे पट्टे पडलेले असतात, ते त्याने दोन-तीन ठिकाणी नीट ओळखले आणि त्यांवर ब्रेक न लावता सरळ गाडी काढली. रोजच्या सवयीचा रस्ता असल्याचा हा फायदा.

पाटण सोडल्यावर पाऊस वाढला आणि रस्त्याचे रूपही बदलले. कुठे नवीन काँक्रीट, कुठे जुने उखडलेले डांबर, कुठे कामासाठी काढलेले मुरमाचे डायव्हर्जन, आणि सगळ्यांवर पाणी. पाण्याने भरलेला खड्डा चार बोटे खोल आहे की वीतभर, हे वरून कळत नाही. पुढच्या वाहनाचे चाक किती खाली जाते ते पाहूनच अंदाज घ्यावा लागतो, आणि चालकाने एका दुधाच्या टेम्पोच्या मागे अंतर राखून नेमके तेच केले. दाजींचा सैल रेनकोट वाऱ्याने फडफडत साखळीकडे जाऊ लागला, तेव्हा थांबून त्याची टोके मांडीखाली दाबून बांधली. हेल्मेटच्या काचेवर आतून बाफ धरत होती म्हणून काच बोटभर उघडी ठेवली. ही सगळी सावधगिरी योग्य होती.

याच टप्प्यात एक गोष्ट घडली आणि तिचा परिणाम पुढे दीड तासाने दिसला. खड्ड्यांतल्या पाण्यातून वारंवार गेल्याने मागच्या ड्रममध्ये पाणी शिरले आणि मागचा ब्रेक जवळजवळ लागेनासा झाला. ड्रम ओला झाला की असे होतेच. उपाय सोपा आहे: मोकळ्या सरळ जागी, मागेपुढे वाहन नसताना, चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून ठेवायचा, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने आतले पाणी उडून जाते. चालकाला हे माहीत नव्हते. ब्रेक लागत नाही म्हणून तो पायाने अधिक जोर लावू लागला आणि तासाभरात पायाला त्या जोराची सवय झाली.

हेळवाकचा थांबा

हेळवाकला पावणेपाच वाजता चहासाठी थांबले. दोघेही भिजलेले होते, चालकाच्या हाताची बोटे गारठून आखडली होती आणि क्लच दाबताना ती दुखत होती. चिपळूणकडून आलेल्या एका एसटीच्या चालकाने सांगितले की घाटात वरच्या अंगाला थोडी दरड आली आहे, माती बाजूला ओढून एका बाजूने वाहतूक चालू आहे, धुके मात्र दाट आहे.

या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू होता असे मला वाटते. येथे राहण्याची सोय होऊ शकत होती. कोयनानगर अगदी जवळ आहे आणि तेथे साध्या खोल्या मिळतात. परत फिरणे शक्य होते, पण पुन्हा तोच खराब रस्ता तुडवायचा होता. पुढे जायचे तर उजेड दोन-अडीच तासांचाच उरला होता, आणि धुक्यात तोही आधीच संपतो. चालकाच्या मनात थांबावे असे आले होते. त्याने ते बोलून दाखवले नाही. दाजी वयाने आणि मानाने मोठे, रस्ता त्यांच्या पायाखालचा, ते म्हणाले, "घाट काय, पाऊण तासात उतरू. खाली पाऊस कमी असतो," आणि विषय संपला.

आपल्याकडे दुचाकी चालवणाऱ्याचा आणि मागे बसणाऱ्याचा संबंध क्वचितच बरोबरीचा असतो. मागे वडील असतात, मामा असतात, साहेब असतात, दाजी असतात, आणि हँडल ज्याच्या हातात असते त्याचा शब्द शेवटचा राहत नाही. ज्याला बोटे गारठल्याचे जाणवते तो गप्प बसतो आणि ज्याला ते जाणवत नाही तो निर्णय घेतो. दाजींनी मला सांगितले की मेहुण्याने "हात दुखतोय" एवढे जरी म्हटले असते तरी ते थांबले असते, आणि त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. "थांबूया का" या प्रश्नाला मोठ्या माणसाकडून "नको" असे उत्तर येऊ शकते. "माझी बोटे आखडली आहेत, क्लच नीट दाबला जात नाही" या वाक्याला तसे उत्तर देता येत नाही.

घाट

कुंभार्ली घाट त्यांनी अतिशय चांगला उतरला. एका एसटीच्या मागे तीस-चाळीस फुटांचे अंतर ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रेट्यावर गाडी रोखत, ताशी 25 च्या आसपास वेगाने ते खाली आले. गाडी न्यूट्रल करून उतरण्याचा मोह त्याने टाळला. रस्त्याच्या मधोमध, जेथे चाके फिरत नाहीत तेथे, शेवाळाची हिरवट काळसर पट्टी असते आणि वळणांवर अवजड गाड्यांचे तेल सांडलेले असते. चालक एसटीच्या डाव्या चाकाच्या पुसलेल्या रेषेतून चालत राहिला. डोंगराच्या बाजूने ओघळ रस्त्यावर आडवे येत होते आणि त्यांबरोबर मुठीएवढे दगडही. दरडीच्या जागी लाल मातीचा राबडा होता. तेथे तो पाय खाली सोडून, क्लच अर्धवट धरून, चालण्याच्या वेगाने पार झाला आणि दाजी उतरून पायी आले. धुक्यात त्याने दिवा डिपरवर ठेवला होता, कारण वरचा प्रकाशझोत धुक्यावर आपटून उलट डोळ्यांवर येतो.

घाटात काही झाले नाही, हे योगायोगाने घडले नाही. रस्ता भीतिदायक होता आणि सतत भीतिदायक होता, म्हणून लक्ष एका क्षणासाठीही ढळले नाही.

घसरण

पोफळी-शिरगाव मागे पडले तसा पाऊस थांबला. रस्ता रुंद झाला, धुके वर राहिले, समोर स्वच्छ दिसू लागले. चालकाने हेल्मेटची काच वर केली, खांदे सैल सोडले आणि वेग 50 वर गेला. दोघेही या ठिकाणाबद्दल एकच गोष्ट सांगतात: आता पोहोचलो असे वाटले होते.

चिपळूणच्या अलीकडे एका ठिकाणी मोरीचे काम चालू होते. नवीन काँक्रीट अचानक संपते, पुढे वीतभर उताराने रस्ता मुरमाच्या डायव्हर्जनवर उतरतो आणि डावीकडे वळतो. कडेला दोन पिंपे आणि त्यांना बांधलेली लाल-पांढरी फीत होती. आधी फलक नव्हता. पाऊस थांबलेला असला तरी मुरूम पूर्ण भिजलेला होता आणि वाहनांनी तुडवून त्यावर लाल लोण्यासारखा थर आला होता. राखाडी रंग संपून लाल रंग सुरू होतो हे चालकाला सुमारे 30 मीटरवरून दिसले. हे अंतर मी जागेवर पावले टाकून पाहिले आहे, ते थोडे इकडेतिकडे असू शकते.

त्याने दोन्ही ब्रेक लावले. ओल्या काँक्रीटवर पुढचा ब्रेक उत्तम लागला. मागच्या ब्रेकवर मात्र त्याचा पाय सवयीने तेवढ्याच जोरात पडला जेवढा हेळवाकच्या अलीकडे पाणी भरलेल्या ड्रमसाठी लागत होता. आणि ड्रम आता घाटातल्या वापराने कोरडा आणि गरम झालेला होता. काँक्रीटवर असेपर्यंत चाक फिरत राहिले. पुढचे चाक मुरमावर उतरले तेव्हा एबीएसने ते आवळू दिले नाही, पण मागचे चाक मुरमावर येताक्षणी जागच्या जागी थांबले आणि घसरू लागले. झिजलेला टायर, वीस किलो गूळ, दाजींचे वजन, आणि डावीकडे वळण. मागचा भाग उजवीकडे फेकला गेला, दाजींनी तोल जातोय असे वाटून डावा पाय खाली टेकवला, आणि गाडी त्या पायावर डाव्या अंगाला आडवी झाली. त्या वेळी वेग ताशी 20 ते 25 असावा.

चालकाच्या पायात कारखान्यातले सेफ्टी शूज होते. त्याला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. दाजींच्या पायात पावसाळी सँडल होते. त्यांचे उसने घेतलेले हेल्मेट पट्टा न लावल्यामुळे डोक्यावरून निघून गेले. डोके कुठे आपटले नाही, एवढे नशीब.

आकड्यांत पाहिले तर

ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर 14 मीटर ब्रेक न लागताच जातात. ओल्या काँक्रीटवर टायरची पकड कोरड्याच्या मानाने कमी असते, घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचे माप, 0.5 धरून हिशेब केला तर 50 वरून 20 वर येण्यास आणखी सुमारे 16 मीटर लागतात. बेरीज 30 मीटर, म्हणजे दिसलेले अंतर जेमतेम पुरत होते आणि जराही उशीर झाला की ब्रेक दाबलेल्या अवस्थेतच गाडी मुरमावर उतरणार, हे ठरलेले होते. ओल्या मुरमावर हाच गुणांक 0.3 किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. काँक्रीटवर जो दाब बरोबर होता तोच दोन फूट पुढे गेल्यावर चाकाला झेपणाऱ्या दाबाच्या दुपटीच्या जवळ जातो.

तो ताशी 40 च्या वेगाने आला असता तर एका सेकंदाचे 11 मीटर आणि वेग 20 वर आणायला साधारण 9 मीटर, म्हणजे कडेच्या आधी दहा मीटर मोकळे राहिले असते आणि तेवढ्यात ब्रेक पूर्ण सोडून गाडी सरळ करता आली असती. ताशी दहा किलोमीटरचा हा फरक चिपळूणपर्यंतच्या उरलेल्या अंतरात चार-पाच मिनिटांचाही नव्हता.

घसरणीनंतरचे निर्णय

आसपासच्या घरांतून माणसे धावत आली आणि गाडी उचलून कडेला लावली. क्लच लीव्हर वाकला होता, डावा आरसा फुटला होता, फूटरेस्ट मागे दुमडला होता आणि हँडल किंचित तिरके झाले होते. गाडी चालू होत होती. दाजी उभे राहिले, दोन पावले लंगडत चालले आणि मुरगळले असेल, पुढे जाऊ, असे म्हणाले.

या वेळी चालकाने, त्या दिवसात पहिल्यांदाच, दाजींना स्पष्ट नकार दिला. हँडल तिरके असताना अंधारात मागे माणूस घेऊन आणखी तासभर चालवणार नाही असे तो म्हणाला. त्याच सुमारास बहिणीचा फोन आला. तिने दुपारीच सासरी शेजारणीला फोन केला होता आणि गावाच्या अलीकडच्या पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) कॉजवे दुपारपासून पाण्याखाली आहे, टिलरसुद्धा पलीकडेच अडकला आहे, असे तिला कळले होते. ती मधल्या वेळात सतत फोन लावत होती; दोघांचे मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुळाशेजारच्या बॅगेत होते.

एका छोट्या हत्तीवाल्याने दाजींना चिपळूणच्या रुग्णालयात नेले. एक्स-रेमध्ये घोट्याच्या वर हाडाला बारीक चीर दिसली आणि प्लास्टर घातले गेले. चालक गाडी त्याच घरी ठेवून मागोमाग गेला. रात्री नात्यातल्या घरी मुक्काम झाला, म्हणजे निघण्यापूर्वी सुचलेला पहिला पर्याय शेवटी असा अमलात आला. पाणी ओसरल्यावर लावणी भावकीने मिळून उरकली. दाजी पडवीत पाय वर करून बसले होते.

समजा ते न पडता पुढे गेले असते, तर अंधारात त्या कॉजवेशी उभे राहिले असते. जोराने वाहते पाणी घोट्याच्या वर, पिंडरीपर्यंत आले तरी उभ्या माणसाचा पाय सुटू शकतो आणि दुचाकीला पाणी आडवे ढकलते. दाजी म्हणतात की पाण्यात गाडी घातली नसती. असेलही. दिवसभर "आता इतके आलोच आहोत" याच वाक्यावर निर्णय झाले होते, हेही खरे आहे.

काय वेगळे करता आले असते

पावसात दुचाकी चालवणाऱ्याला सगळे जण "सावकाश जा" एवढेच सांगतात. या सल्ल्याचा मला फारसा उपयोग वाटत नाही, कारण कुठे सावकाश जायचे हे त्यात नाही. हा चालक पाटण-हेळवाक टप्प्यात सावकाश होता, घाटात त्याहून सावकाश होता आणि पडला तो रस्ता सुधारल्यावर. कोणताही एक पृष्ठभाग, मग तो शेवाळाचा असो वा चिखलाचा, दहा मिनिटांत हाताला आणि पायाला कळतो. धोका एक संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर असतो, कारण हात-पाय अजून मागच्या रस्त्यावर असतात. काँक्रीटची कड, पुलावरचे लोखंडी जोड, थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे, पेट्रोल पंपासमोरचे पेव्हर ब्लॉक, झाडांच्या सावलीतून उघड्यावर येण्याची जागा, या सर्वांना हेच लागू आहे. कोरड्या उन्हाळ्यानंतर पहिल्या सरीची पहिली काही मिनिटेही याच जातीची: धूळ आणि तेल पाण्यावर तरंगते, चांगला पाऊस होऊन ते धुऊन गेले की तोच रस्ता पुन्हा बराच विश्वासाचा होतो.

म्हणून रंग किंवा चमक बदललेली दिसली की सांध्याच्या आधीच ब्रेक मारून संपवायचा, सांध्यावर ब्रेक, क्लच, थ्रॉटल कशालाही हात न लावता गाडी सरळ ठेवून पार करायची, आणि नव्या पृष्ठभागावर आल्यावर मोकळ्या जागी एकदा हलका ब्रेक दाबून पकड किती आहे ते पाहायचे. चालकाने घाट संपल्यावर असा एकदा जरी मागचा ब्रेक तपासला असता तरी तो पूर्ववत लागतोय हे पायाला समजले असते.

गाडीच्या बाबतीत मागचा टायर मे महिन्यातच बदलायला हवा होता. दोन माणसे आणि सामान असताना मागच्या चाकातील हवा साखळीच्या आवरणावर लिहिलेल्या मापाप्रमाणे वाढवायची असते. कमी हवेचा टायर वजनाखाली दबतो, वळणात डुलतो आणि गाडी हाताला सैल लागते. गूळ कॅरिअरवर सर्वांत मागे बांधण्याऐवजी एक-एक ढेप दोन बाजूंच्या पिशव्यांत खाली अडकवली असती तर मागचा भाग इतका फेकला गेला नसता. खरे तर गूळ एसटीच्या पार्सलने जाऊ शकत होता.

मागे बसणाऱ्याला निघण्यापूर्वी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी: गाडी कितीही हलली तरी पाय फूटरेस्टवरून काढायचा नाही. दाजींचा पाय टेकला नसता तर तो गाडीखाली तशा कोनात आला नसता, असे डॉक्टरांचेही म्हणणे पडले.

चालक आणि मी एका मुद्द्यावर अजून सहमत नाही. त्याच्या मते मागचा ब्रेक त्या क्षणी आपोआप "धरला", म्हणजे ड्रममध्ये दोष होता. मेकॅनिकने ड्रम उघडला तेव्हा लायनर ठीक होते आणि स्प्रिंगही शाबूत होत्या. मी त्याला एका मोकळ्या मैदानात, ओल्या मातीवर, ताशी 15 च्या वेगाने मागचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबून चाक कोणत्या जोराला थांबते ते पाहायला सांगितले. त्याने ते केले, चाक त्याच्या अपेक्षेहून खूपच कमी जोरात थांबले, आणि तरीही त्या दिवशीचा ब्रेक वेगळाच होता असे तो म्हणतो. मागचा टायर त्याने बदलला आहे. पुढची गाडी घेताना दोन्ही चाकांना एबीएस असलेली घ्यायची असे त्याने ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे. फक्त भिजलेल्या मुरमावर एबीएस चाक आवळू देत नसले तरी थांबण्याचे अंतर कमी करत नाही, हे त्याला मी अजून पुरते पटवू शकलेलो नाही.